पाटीवरची रिकामी घरं

होळीची राख थंड होते न होते तोच आमच्या गच्चीवर तापलेलं वारं यायला लागतं, आणि मी सकाळी वर्तमानपत्र हातात आलं की आधी शब्दकोड्याचं पान काढते. सून म्हणते, "आई, जगात काय चाललंय ते तरी आधी बघा." मी म्हणते, बघते की, पण पहिल्यांदा माझ्या डोक्यात काय चाललंय ते बघू दे. तिला तो विनोद वाटतो. पावसाळ्यात आणि थंडीत तो विनोदच असतो. तेव्हा मी कोडं सोडवते ते चार घटका करमणूक म्हणून, नाही सुटलं तर पानावर शेंगा सोलते. चैत्राच्या तोंडावर मात्र पेन्सिल धरताना बोटं गार पडतात. एखादा साधा शब्द अडला तरी पेन्सिल खाली ठेवते. मग मी कागद लांब धरते आणि रिकामी राहिलेली घरं कुठं कुठं आहेत ते बघते. वर एक, मधे एक, खाली कोपऱ्यात दोन. विखुरलेली आहेत ना? आहेत. मग मी चहा गरम करून घेते.

घरातल्या कुणाला हे मी कधी सांगितलेलं नाही. सांगायचं म्हटलं तर पार मिरजगावला जावं लागेल, बहात्तरच्या दुष्काळातल्या उन्हाळ्यात, आमच्या माहेरच्या ओसरीवर.

माझे वडील, म्हणजे दादा, तसे शेतकरी. फायनलची, म्हणजे सातवीची, परीक्षा पास झाले होते, थोडे दिवस शाळेत शिकवलंही होतं, पण आजोबा गेल्यावर शाळा सोडून जमिनीकडे आले. कोरडवाहू रान, ज्वारी आणि करडई. अक्षरांची हौस मात्र तशीच राहिली. पुण्याहून एक साप्ताहिक निघायचं, त्याच्या शेवटच्या पानावर कोडं असायचं. साधं नव्हे. साध्या कोड्यात 'हत्तीचे नाक' म्हटलं की सोंड लिहायची आणि मोकळं व्हायचं. ह्या कोड्यातलं वाक्य दिसायचं एक आणि पोटात असायचं भलतंच. 'कडा उलटला की पत्रं हाती येतात.' आता डोंगराचा कडा उलटून पत्रं कशी येतील? पण 'कडा' हीच अक्षरं उलटी वाचली की 'डाक' होते. असं काही सुटलं की दादा मांडीवर थाप मारून त्या न पाहिलेल्या कोडेकाराला म्हणायचे, "काय बेणं हाय!" दादांनी माणसाचं ह्याहून मोठं कौतुक केलेलं मी ऐकलेलं नाही.

अंक एकच, आणि त्याला घरं तीन. आमचं, शाळेतल्या गुरुजींचं आणि किराणा दुकानवाल्या सोपानकाकांचं. गुरुवारी तो एसटीतून यायचा, आधी आमच्याकडे, मग गुरुजींकडे, मग दुकानात. म्हणून एक नियम होता. अंकावर कुणी टिंबसुद्धा काढायचं नाही. प्रत्येकाने आपल्या पाटीवर चौकट आखून घ्यायची आणि तिच्यात भरायचं. छापलेल्या कोड्यातली काळी घरं आम्ही पाटीवर खडूने भरायचो, म्हणजे आमच्याकडे ती पांढरी व्हायची. लहानपणी मला वाटायचं, पुण्यात सगळं उलटंच छापतात. रविवारी दुपारी तिन्ही पाट्या आमच्या ओसरीवर शेजारी शेजारी ठेवायच्या. त्याला 'पाट्या मांडणं' म्हणत. हरजीत काही नव्हती, पण गुरुजी हरले की चहा न घेता जायचे, आणि दादा हरल्याचं मला आठवत नाही.

मी तेव्हा नवी सासुरवाशीण. देवळाली प्रवऱ्याला दिलेली. तिकडे पाटाचं पाणी, डोळ्यापुढे ऊसच ऊस. दादांच्या अंगावरून वारं गेल्याचा निरोप आला आणि मी निघाले. एसटी नगर सोडून पुढे आली तसा रंग बदलत गेला. आधी हिरवं गेलं, मग पिवळं गेलं, मग नुसती माती राहिली. रस्त्याच्या कडेला बायका रांगेने बसून खडी फोडत होत्या, तोंडाला पदर बांधलेला, नुसते डोळे दिसत होते. आमच्या स्टँडवर उतरले तर झाडाखाली एक जनावर दिसेना. सगळी छावणीत. गाव इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं.

दादा ओसरीवर बाजेवर होते. डावा हात आणि डावा पाय गेलेला. तोंड थोडं वाकडं, पण बोलणं स्वच्छ. मला बघून म्हणाले, "शालन, ये बाई. कशाला एवढ्या उन्हाचं आलीस?" मी मनात म्हटलं, सुटलो आपण. माणूस बोलतोय, ओळखतोय, मग हातापायाचं काय, चोळून चोळून येतील. कर्जतचे डॉक्टरही तेच म्हणाले होते. वाचा शाबूत आहे हे नशीब समजा.

दोन दिवसांत माझी ती सुटका संपली.

रेशनवर तेव्हा मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना फाटायची आणि खाताना घशात अडकायची, पण दुष्काळात तिचाही तुकडा कुणी टाकत नव्हतं. आईने दादांपुढे ताट ठेवलं. दादांनी अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी ताटात तशीच, आणि आईकडे बघून म्हणाले, "दुसरी आण की."

"आवं, हाय की ताटात. ती तर खावा."

"कुठं हाय? अर्धी तर दिलीस. दुष्काळ हाय म्हून मला अर्ध्या भाकरीवर आनता व्हय?"

आईने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पदर तोंडात धरून आत गेली. भाकरी समोर होती. चांगली पंज्याएवढी. दादा त्या भाकरीकडे तोंड करून भाकरी मागत होते. माझ्या अंगावर भर उन्हाळ्यात काटा आला, तो आजही ताटात अर्धी भाकरी राहिलेली दिसली की येतो. आमच्याकडे ताट पुसून खाण्याचा दंडक कसला, असं नातवंडं विचारतात. मी त्यांना संस्कार वगैरे सांगते.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. दादा स्वतःच दाढी करायचे, आरसा खुंटीला टांगून. एके दिवशी उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या गालावर खुंट तसेच. "झाली दाढी," म्हणून वस्तरा ठेवून दिला. आईने भीत भीत सांगितलं, तर तिच्यावरच डाफरले. आणि माझं तर काय सांगू? कधी मी चहा घेऊन आले की म्हणायचे, "शालन, गूळ कमी घातलास गं." आणि कधी मी त्यांच्या बाजेशेजारी मोढ्यावर बसून मिलो निवडत असायची, हाताच्या अंतरावर, आणि ते आईला विचारायचे, "शालन गेली का सासरला? जाताना सांगून सुदिक गेली न्हाई." मी म्हणायची, "दादा, मी हितंच हाय." ते मान वळवायचे, पण भलतीकडे, दाराकडे. आई तिथं उभी असली तर तिच्याकडे बघून म्हणायचे, "तू कशाला तिचा आवाज काढतीस?"

आपला बाप आपल्याला विसरतोय हे कळण्याला वेळ लागत नाही. ते क्षणात कळतं. आणि मग पुढच्या घटकेला तोच बाप नावाने हाक मारतो, आणि आपण कुठल्या बाजूने रडावं हेच कळत नाही. बायका म्हणायच्या, वारं डोक्यात चढलं. हातापायातलं वारं उतरतं, डोक्यातलं उतरत नाही.

आमच्या घराला ही भीती नवी नव्हती. दादांचे चुलते, बापूतात्या, म्हातारपणी असेच भ्रमले होते. मी लहान होते, पण आठवतंय. ते उठून विहिरीकडे चालू लागायचे. शेवटी त्यांना गोठ्यात ठेवलं, पायाला दावं लावून, बैलाला लावतात तसं. दुष्टपणाने नाही. सगळी रानात गेल्यावर म्हाताऱ्यामागे कोण धावणार, म्हणून. दादा रोज जाऊन तात्यांजवळ बसायचे, त्यांना गोष्टी सांगायचे, आणि बाहेर आले की कितीतरी वेळ कुणाशी बोलायचे नाहीत. तात्या गेल्यावर दादांनी ते दावं चुलीत घातलं होतं. पण दावं काय, गोठ्यात दुसरंही असतंच. त्या उन्हाळ्यात बैल छावणीत होते आणि रिकाम्या गोठ्यात खुंटीवर दावी लटकत होती. आई त्या बाजूला बघायची नाही. गोवऱ्या घ्यायला गेली तरी मान खाली घालून जायची.

दादांनाही कुठेतरी शंका आली होती. नाहीतर त्यांनी कोड्याचा एवढा ध्यास घेतला नसता. पहिल्याच गुरुवारी मला म्हणाले, "पाटी आख. पर वाचून दाखवायचं न्हाई. माझं मी वाचीन." मी त्यांच्या मांडीखाली उशी सरकवली, पाटी तिला टेकवली. उजवा हात चांगला होता. पेन्सिल घेऊन ते हळूच म्हणाले, "शालन, कोडं सुटतंय तवर मी हाय. न सुटलं तर समज."

मी पाटीखालची उशी पुन्हा नीट केली.

दादा कोडं सोडवायला बसले की मी मोढ्यावर बसून जीव मुठीत धरून बघायची. पाटीवर पेन्सिल वाजली की बरं वाटायचं. वाजायची थांबली की मी मिलो चाळायला घ्यायची, काहीतरी आवाज हवा म्हणून. घरं भरली जायची, पण थोडी. पुढच्या आठवड्यात त्याहून कमी. आणि दादा चिडायला लागले. स्वतःवर नाही, कोडेकारावर.

"बेणं म्हातारं झालं," ते म्हणाले. "निस्ते उभे शब्द देतंय आता. आडवे शब्द देतच न्हाई."

अंकात आडव्या शब्दांचा अख्खा रकाना छापलेला होता. मला इथून दिसत होता.

"आन हे बघ, कायबी लिवलंय. 'कपड्यांत लपलेले फूल.' ह्ये काय कोडं झालं? शाळंतलं पोरगं सांगंल." आणि त्यांनी तीन घरांत 'मोगरा' लिहिलं.

मी अंकात बघितलं. छापलं होतं, 'अनेक मळक्या कपड्यांत लपलेले फूल.' एरवी दादांनी हे वाचता वाचता सोडवलं असतं. कपडे बाजूला ठेवायचे, पहिले दोन शब्द सलग वाचायचे, 'अनेक मळक्या', आणि त्यांच्या मधोमध कमळ लपलेलं आहे. मला जे दिसत होतं ते ज्या माणसाने मला शिकवलं, तो वाक्य अर्धवट वाचून कोडेकाराला वेड लागलं म्हणत होता. एकाला तरी वेड लागलंच होतं. कोडेकाराला लागलेलं नव्हतं. मी मिलोचं सूप घेऊन आत गेले आणि आईला काही बोलले नाही. तिनेही विचारलं नाही. आम्ही दोघी त्या दिवसांत एकमेकींना घाबरत होतो, कारण कुणीतरी एकीने म्हटलं असतं की ते खरं झालं असतं.

मग त्या आठवड्यात दादा उठले. काठीवर भार देऊन, डावा पाय ओढत, कुणाला न सांगता. दाराच्या डाव्या चौकटीवर सरळ जाऊन आपटले, जणू तिथं चौकट नव्हतीच, आणि उंबऱ्यात पडले. कपाळ फुटलं. "कुठं निघाला होता?" विचारलं तर म्हणाले, "हिरीवर. पानी किती हाय बघायला." विहिरीला तळ दिसत होता, हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक. पण आईने फक्त 'हिरीवर' एवढंच ऐकलं आणि मटकन खाली बसली.

भावकीतले जमले. त्यात वाईट कुणी नव्हतं. एकजण म्हणाला, "वयनी, आमाला काय बरं वाटतंय का? पर उद्या हिरीत पडलं तर? रात्रंदिस कोन बसनार? सोमवारपासनं बाजंला बांधत चला. सैल बांधा, मऊ कापड लावा." आईने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून ते मला कळलं नाही. रविवारी सकाळी मी चुलीसाठी गोवऱ्या आणायला गोठ्यात गेले, तर खुंटीवर एक दावं कमी होतं. ते आईच्या खोलीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळलेलं मिळालं. तिने मऊ करून ठेवलं होतं.

त्या दुपारी पाट्या मांडायला गुरुजी आणि सोपानकाका आले. दादांना बांधायचं ठरलंय हे दोघांना माहीत होतं. गावात कुठली गोष्ट लपते? बाहेर ऊन नुसतं पांढरं झालेलं, लिंबाचा मोहोर गळून ओसरीत आलेला, आणि आम्ही सगळे इतके शहाण्यासारखे वागत होतो की मला ओरडावंसं वाटत होतं. गुरुजींनी आपली पाटी धोतरावर पालथीच धरली होती. सोपानकाकांची मला दिसली. भरलेली होती, सगळी. काकांनी दादांच्या पाटीकडे एकदा बघितलं, आणि दादा खोकायला लागले त्या वेळी हळूच बाहीने आपल्या पाटीवरचे शब्द पुसायला लागले. एक इथला, एक तिथला. एक वरचा, एक खालचा. दादांहून जास्त आपल्याला आलेलं दिसू नये म्हणून.

"ह्या खेपंला लई अवघड हुतं बुवा," काका म्हणाले आणि पाटी दादांच्या पाटीशेजारी ठेवली.

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. आणि त्याच वेळी दोन्ही पाट्यांकडे बघताना काहीतरी खटकलं. काय ते कळेना. दोन्ही सारख्याच रिकाम्या होत्या, पण सारख्या दिसत नव्हत्या. काकांची रिकामी घरं सगळीकडे होती, माणूस अडतो तशी. इथं सुचलं नाही, तिथं सुचलं नाही. दादांच्या पाटीला मात्र मधोमध जणू कुणी रेघ मारली होती. उजवीकडे सगळं भरलेलं, चूक असो बरोबर असो. डावीकडे एक अक्षर नाही. पेन्सिलचा ओरखडाही नाही.

विसरणारा माणूस असा एका बाजूने कशाला विसरेल?

माझी नजर बाजेखाली ठेवलेल्या ताटाकडे गेली. अर्धी भाकरी उरलेली. डावी अर्धी. मग दादांच्या चेहऱ्याकडे गेली. खुंट वाढलेला गाल डावा. चौकट डावी. अंकातला आडव्या शब्दांचा रकाना डावीकडचा. 'अनेक मळक्या' हे शब्द ओळीत डावीकडचे. मी ताटाकडे हात नेला. आनंदाने नव्हे. खरं सांगते, भीतीनेच. चुकीचं निघालं तर आता हातात दुसरं काही उरलेलं नव्हतं.

मी ताट उचललं, बाजेवर त्यांच्यापुढे ठेवलं आणि फिरवलं. अर्धी भाकरी डावीकडून उजवीकडे आली.

"आनली व्हय शेवटी," दादा म्हणाले आणि तुकडा मोडला.

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिच्या हातातून तांब्या पडला, त्यातलं पाणी सांडलं, आणि त्या उन्हाळ्यात सांडलेल्या पाण्याकडे कुणी बघितलं नाही ही तेवढी एकच वेळ.

काकांनी परत आणलेल्या अंकाची मी घडी घातली, बारीक पट्टीसारखी, आडव्या शब्दांचा रकाना तेवढा वर राहील अशी, आणि गुरुजींना खुणेने सांगितलं की ही दादांच्या उजव्या अंगाला धरा. दादांनी भाकरी चावता चावता वाचलं. "उलटी वाहिली तर नदी गरीब होते. अक्षरं दोन." चावणं थांबलं. सोपानकाकांनी डोळे मिटून घेतले होते.

"दीन," दादा म्हणाले. "नदी उलटी, दीन. त्यात काय हाय? आपली सीना तर सरळ वाहून बी गरीब झाली." आणि मग कितीतरी दिवसांनी त्यांनी मांडीवर थाप मारली. "काय बेणं हाय! आडवे शब्द दिले की पुन्हा!"

गुरुजी हसले आणि लगेच तोंड फिरवून चष्मा पुसायला लागले.

पुढे नगरच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की ह्याला नाव आहे. मेंदूच्या एका बाजूला रक्त पोचलं नाही की दुसरी बाजू माणसाच्या हिशेबातून जाते. डोळे चांगले असतात, बुद्धी चांगली असते, पण तिकडे बघायचं असतं ह्याचं भानच त्याला राहत नाही. डॉक्टर चांगले होते, कागदावर मेंदू काढून दाखवला. दादा लक्ष देऊन ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "डाक्टर हुशार हाय. पर माझं डावीकडचं काय गेलं म्हनतोय? समदं तर दिसतंय मला."

ह्या वाक्याने मला आयुष्यभर भ्यायला लावलं. दावं चिंध्यांसकट चुलीत गेलं, दादांना कुणी बांधलं नाही, ते पुढे कितीतरी वर्षं जगले आणि गुरुजींना हरवत राहिले. आम्ही घर त्यांच्या उजवीकडे हलवलं. ताट फिरवायचं, बाज फिरवायची, अंक घडी करून द्यायचा. आई दाराच्या डाव्या चौकटीला लाल कापड बांधायची आणि रोज म्हणायची, "लाल दिसंस्तवर मान वळवा." ते वळवायचे. सगळं झालं. पण त्यांना कधीही वाटलं नाही की आपलं काही गेलंय. जे गेलं होतं त्याची जागाच उरली नव्हती. अंधार नव्हता, भोक नव्हतं. त्यांच्या लेखी जग तेवढंच होतं, आणि ते पुरं होतं.

म्हणजे मला तरी कसं कळणार? आज मी गच्चीवर बसते, तापलेलं वारं कानशिलाला लागतं, आणि मला वाटतं की सगळं दिसतंय. पाण्याची टाकी, शेजारचा बदाम, सुनेने वाळत घातलेल्या साड्या. पण सगळं दिसतंय असं त्यांनाही वाटत होतं. म्हणून मी मान मुद्दाम डावीकडे वळवते, दुखेपर्यंत. म्हणून कोडं आधी डावीकडून भरते. नातू एकदा म्हणाला, "आजी, तू चौकटीत काय शोधतेस?" मी म्हटलं, घरं मोजते. तो माझ्या डाव्या बाजूला बसला होता. मी त्याचा हात धरून ठेवला, सुटेना तो मग.

त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. दादा 'दीन' लिहून पुढच्या शब्दाकडे वळले होते. सगळी त्यांच्या उजवीकडे उभी होती, गुरुजी, काका, आई, आणि दादा त्यांच्याशी बोलत होते, ताजेतवाने, पहिल्यासारखे. मी माझ्या मोढ्यावर होते, डावीकडे, इतके दिवस जिथं बसत आले होते तिथंच. उजेड चांगला म्हणून मी ती जागा निवडली होती.

"शालन असती तर तिला दावलं असतं," ते आईला म्हणाले. "ती बी बिनसांगता निघून गेली."

आईने माझ्याकडे बघितलं. मी उठले. दादांच्या पायथ्याकडून हळूहळू वळसा घालून मी पलीकडे गेले, सोपानकाका बाजूला सरकले, आणि मी त्यांच्या जागी, दादांच्या उजव्या हाताशी जाऊन बसले. दादांनी वर बघितलं. सगळा चेहरा हसला, वाकडी बाजूसुद्धा.

"अगं शालन! कधी आलीस?"

"आत्ताच आले, दादा," मी म्हटलं.